खिडकीवरची काजळी

आई, तुझ्या स्वयंपाकघरातल्या खिडकीवरची काजळी मी पुन्हा रंगवली, काडेपेटीएवढ्या एका घरावर.

अमरावतीत काही मोठी माणसं टेबलावर लढाया खेळतात. बोटभर सैनिक, फासे, मधे जुना किल्ला आणि त्याच्या पायथ्याचं गाव. ते गाव मी इथे अकोल्यात बसून रंगवतो. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून हेच करून राहिलो. प्रत्येक घर जोडीनं लागतं, एक धड, एक जळलेलं. तोफ लागली की खेळणारा धड घर उचलतो आणि त्या जागी जळलेलं ठेवतो. जळकी घरं माझ्यासारखी कोणाला जमत नाहीत म्हणतात. जमणारच. स्टोव्ह भडकला त्या दिवशी तूच दाखवलं होतंस, काजळी खिडकीच्या वर चढते, खाली उतरत नाही. तू होतीस तोवर दर दिवाळीला तिच्यावर चुना मारायचीस, आणि होळीपर्यंत ती परत दिसायला लागायची.

या खेपेला गावात एक घर जास्तीचं आहे. जुनी माडी, निळा दरवाजा, बाहेरून चढणारा जिना. ते तिचं अमरावतीतलं घर. कॉलेजात माझ्या वर्गात होती. तिच्याशी नुसतं हसून बोलला म्हणून मी एकाचं नाक फोडलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मले तुह्यं भेव वाटते." मी कॉलेज सोडलं, तिला सोडता आलं नाही. आज त्याच घरी तिचा साखरपुडा आहे, आणि आजच मला ते गाव अमरावतीला पोचवायचं आहे. तिच्या घराच्या जोडीतलं जळलेलं मी आधी रंगवलं. धड घर अजून पांढरंच पडलंय.

लहानपणी भांडून आलो की तू काही ऐकूनच घ्यायची नाहीस. "आधी हात धू. मंग सांग, काहून मारलं त्याले." हात धुऊन होईपर्यंत सांगण्यासारखं फारसं उरायचं नाही.

मघाशी बाबांनी पिशवीत पाहिलं. "थिनरचा डबा काहून घेऊन राहिला बे?" म्हटलं, वाटेत रंग खरवडला तर लागेल. ते बाजूला झाले. त्यांना या रंगातलं कळत नाही.

तुला सांगतो. हे रंग पाण्यात कालवतात. थिनर लागतच नाही, तो तर स्टोव्हच्या रॉकेलपेक्षा लवकर पेटतो.

बऱ्याच दिवसांनी नळ आलाय. अंगणात बादली भरून वाहते आहे. या कागदावर जागोजागी माझी काळी बोटं उमटली आहेत. हात अजून धुतले नाहीत, आई.