गव्हर्नरबाईंचा कोपरा

१२ जानेवारी
रोझेलाने आज पुन्हा ऑर्विलला हसवलं! माझ्या स्वयंपाकघरात, माझीच कॉफी पीत. माझ्याशी हा नवरा "मीठ दे" याच्यापलीकडे बोलत नाही.

अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ती बँकांच्या नावाने खडे फोडणाऱ्या सिनेटरची भक्त. हा परक्या मालावर नि परक्या माणसांवर गरजणाऱ्या, विरुद्ध पक्षाच्या त्या धनाढ्याचा. खरं तर एकमेकांच्या झिंज्या उपटायच्या! पण नाही –

"वरच्यांनी आपल्याला गिळलं, रोझेला."

"गिळून ढेकरही दिला, ऑर्विल!"

आणि खिदळतात. कारखाना बंद पडला तेव्हा याला सावरलं कोणी? शेजारणीने?

१९ जानेवारी
सिनेटरच्या सभेला बर्फात रांगा. धनाढ्याच्या सभेलाही. सिनेटरच्याच पक्षातल्या माझ्या उमेदवार, गव्हर्नरबाई, लायब्ररीत बोलल्या – अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. बाई सगळं नीट समजावतात, पैसा कुठून आणणार तेसुद्धा. त्यावर कोण टाळ्या वाजवणार! कॉन्व्हेंटात सिस्टर कोलंबा ओरडून उत्तर देणारीला वर्गाबाहेर उभं करायच्या. सिनेटर नि धनाढ्य, दोघेही त्यांच्या हाती लागायला हवे होते.

२५ जानेवारी
आमच्या पक्षाच्या बैठकीत मतपेटी नसते – ज्याने त्याने आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं नि डोकी मोजायची. जेवताना बोलून गेले, "यंदा शाळेच्या जिममध्ये आमचा कोपरा भरत नाही. माणसं कमी पडली की कोपरा बाद. मग रोझेला येणार सिनेटरच्या कोपऱ्यातून कुकीज घेऊन – ये गं आमच्यात!"

ऑर्विल बटाटे चिवडत राहिला. मी गेले काय, राहिले काय!

३१ जानेवारी
रोझेला म्हणते, "फिलो, खरं सांगू? ऑर्विलचा माणूसही काही खोटं बोलत नाही. एकदा त्यांच्या बैठकीला जाऊन बसावंसं वाटतं."

कोणाच्या शेजारी, तेही सांग की, भवाने!

१ फेब्रुवारी
आज दोन्ही पक्षांच्या बैठका. आमची शाळेत, ऑर्विलची लूथरन चर्चच्या हॉलमध्ये. "गाडी तू ने, मी जाईन कसाही," म्हणाला. आणि खिडकीतून पाहते तर रोझेलाच्या ट्रकमध्ये चढतोय. गुळगुळीत दाढी करून!

शाळेकडे निघाले होते, ती तशीच वळले. लूथरन हॉलमध्ये मागच्या बाकावर बसले, कोटही न काढता. धनाढ्याच्या नावाने आरोळ्या चालल्या होत्या. एकेक रांग न्याहाळली. दोघंही नाहीत! मग गेली कुठे?

उठले तोवर सात वाजून गेले होते. शाळेची दारं सातला बंद होतात.

ऑर्विल उशिरा आला. बूट काढून सरळ झोपला. मी पाठ फिरवून दिवा मालवला.

२ फेब्रुवारी
सकाळी रोझेलाचा फोन.

"होतीस कुठे गं तू? ऑर्विलने काल शाळेच्या दारातच फॉर्म भरून पक्ष बदलला. तुझ्या गव्हर्नरबाईंच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. लोक हसत होते त्याला. म्हणाला, 'थांबा जरा, माझी बायको येतेच आहे.' मग मोजणी झाली. एक माणूस कमी पडलं, फिलो."