समुद्राचा पासपोर्ट फोटो

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. गेले दहा दिवस माझी कंबर सरळ होत नाही, कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठड्याला धरतेस ना? आम्ही दोघं सुखरूप आहोत, आणि हे पत्र वाचून झाल्यावर 'सुखरूप' हा शब्द मी किती विचारपूर्वक वापरलाय ते तुझ्या लक्षात येईल. एक विनंती, हे पत्र लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवू नकोस. मागच्या पत्रातल्या अकराही चुका मला मान्य आहेत.

तुला माहीतच आहे, एकतीस वर्षं मी निळ्या पडद्यापुढच्या स्टुलावर माणसं बसवत आलो. मान सरळ, हनुवटी खाली, हसू नका. आता लोक घरच्या भिंतीला टेकून मोबाइलवर फोटो काढतात आणि माझ्याकडे फक्त ते कापून घ्यायला येतात. गेल्या महिन्यात एका दुपारी मी त्या स्टुलावर स्वतःच जाऊन बसलो आणि तुझ्या भावजयीला म्हणालो, आता दुकान बंद करावं. ती पडद्याच्या घड्या घालत होती. म्हणाली, "करा. पण त्याआधी एकदा खरं आकाश बघून घ्या. हे आकाश दर महिन्याला मी धुते, आणि त्याच्यावरचे दोन डाग काही जात नाहीत."

म्हणून आम्ही तीन दिवस एका समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. जाण्याआधी मी पंधरा दिवस निसर्गचित्रणाचे व्हिडिओ पाहिले आणि वहीत टिपणं काढली. (फोटोत पुढच्या बाजूला काहीतरी हवं. क्षितिज आडवं हवं. प्रकाशाची वाट पाहावी, धीर सोडू नये.) माझ्या पाठीवर चौदा किलोची बॅग होती, हिच्या हातात विणकामाची पिशवी. तिथल्या वनरक्षक बाई फाटकाशी भेटल्या. गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की मला तुझ्या शाळेच्या आवारात उभं राहिल्यासारखं वाटलं. त्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली: वाळूत लाल खुंट्या रोवल्यात, चारनंतर त्यांच्या पलीकडे जायचं नाही, भरती मागच्या बाजूने येते. मी मान डोलावली. ताई, आयुष्यभर लोकांनी माझ्यापुढे अशीच मान डोलावली आणि फोटोच्या क्षणी डोळे मिटले.

पहिल्या दिवशी बेचाळीस फोटो काढले. त्यांतल्या चाळिसांत क्षितिज एवढं तिरपं आलं की समुद्र एका बाजूने सांडून जाईल असं वाटावं. उरलेल्या दोनांत एक बगळा आहे, अगदी समोरून, चौकटीच्या मधोमध, गंभीर. कुठल्याही देशाने त्याला व्हिसा दिला असता. हाताची सवय जात नाही गं. एवढा मोठा समुद्र समोर होता आणि मी त्याचे खांदे कुठे येतात ते बघत होतो. शिवाय लाटांना दोनदा "हलू नका" म्हणालो, ते हिने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटी होती. वाळूचा लांबच लांब दांडा उघडा पडला होता आणि त्याच्या टोकाला वाहून आलेला एक झाडाचा बुंधा, पांढरा, गुळगुळीत. पुढच्या बाजूला काहीतरी हवं, ते हेच, असं मला वाटलं. बुंधा खुंट्यांच्या पलीकडे होता. (किती पलीकडे ते विचारू नकोस.) हिला काठावरच्या खडकावर बसवलं, ट्रायपॉड रोवला आणि प्रकाशाची वाट पाहू लागलो. धीर सोडायचा नाही हे वहीत लिहिलेलंच होतं. बऱ्याच वेळाने मागे पाहिलं तर ही खडकावर उभी राहून हात हलवत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिने असं कधी केलं नव्हतं, म्हणून मला भरून आलं आणि मीही हात हलवला. तिने दोन्ही हात हलवले. मीही दोन्ही हलवले. मग शिट्टी ऐकू आली, आणि पायांना गार लागलं.

पाणी खरोखरच मागून आलं होतं, चोरपावलांनी. माझ्या आणि काठाच्या मध्ये आता ओढा वाहत होता. ट्रायपॉडचा एक पाय चिखलात रुतला, त्याला उपसताना माझा रुतला, आणि त्या ओढाताणीत कंबरेत जी कळ आली ती अजून मुक्कामाला आहे. मी कॅमेरा डोक्यावर धरून उभा होतो आणि पाणी मांडीपर्यंत आलं होतं. वनरक्षक बाई सरळ पाण्यात शिरल्या. मी आधी कॅमेरा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, माझी कॉलर धरली आणि म्हणाल्या, "आधी माणूस." त्या झटक्यात कॅमेरा पाण्यात गेला, उजवा बूट तर त्याआधीच गेला होता. कॅमेरा मिळाला, पण आता तो हलवला की आतून आवाज येतो.

मग त्यांच्या ऑफिसच्या बाकावर, अंगावर घोंगडी आणि पाय गरम पाण्याच्या बादलीत, असा मी बसलो होतो. ही शेजारी बसून विणकामाच्या ओळी मोजत होती, हे जास्त वाईट. तुला खरं सांगतो, त्या वेळी वाटलं की संपलं आता. लोकांना कुठे बसायचं ते सांगण्यात जन्म गेला, आणि मला स्वतःला कुठे उभं राहायचं ते कळत नाही.

तेवढ्यात उद्यानाचे अधिकारी प्रसंगाची नोंद करायला आले. पाणी खुंट्यांवर नेमकं किती वाजता चढलं, हे त्यांना हवं होतं. आमच्याकडे वेळेसकट फोटो निघाले. ते बघता बघता त्यांनी लिहिणं थांबवलं आणि बाईंनाही बोलावून घेतलं. एकच जागा, एकच कोन, दर दहा मिनिटांनी एक फोटो, कोरड्या वाळूपासून भरल्या पाण्यापर्यंत. तो वाळूचा दांडा दर वर्षी सरकतोय, म्हणे, आणि पक्षी त्याच्यावरच अंडी घालतात. कोणीतरी दर महिन्याला त्याच खडकावरून असे फोटो काढावेत म्हणून ते दोन वर्षं माणूस शोधत होते. वर्षभर, महिन्यातून चार दिवस, याल का, असं त्यांनी विचारलं. मी पाय बादलीत असतानाच हो म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा नव्हता, म्हणून मी नुसताच हिच्याशेजारी खडकावर बसलो. पाणी जात होतं, वाळू हळूहळू वर येत होती. त्याची चौकट करावी असं एकदाही मनात आलं नाही. तासभर बसलो. ताई, मला फार बरं वाटलं.

दुकान बंद करत नाही. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. कॅमेरा बुडाला तर फोटो कसे वाचले, हा प्रश्न तुला पडलाच असेल. ते फोटो तुझ्या भावजयीचे आहेत, तिच्या मोबाइलवरचे. विणकामाच्या दोन ओळी झाल्या की ती एक फोटो काढत होती. का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "हे जागचे हलतायत का, तेवढंच बघत होते." प्रत्येक फोटोत मधोमध मी आहे, ठिपक्याएवढा, आणि दर फोटोत थोडा आखूड होत गेलेला. माझ्यामुळे पाण्याची उंची मोजता आली, असं अधिकारी कौतुकाने म्हणाले. नेमणुकीचं पत्र तिच्या नावाने आलंय. त्यात माझा उल्लेख 'सोबत एक मदतनीस (उंची पाच फूट पाच इंच)' असा आहे. मला खुंट्यांच्या अलीकडे उभं राहायचंय.

ता. क. २ हे आधीच लिहायला हवं होतं, पण धीर होत नव्हता. ते चार दिवस दुकानात कोण बसणार? निवृत्त झाल्यापासून सकाळचे नऊ वाजले की कुठे जायचं ते कळत नाही, असं तू मागे लिहिलं होतंस. दुकान नऊलाच उघडतं. उपकार म्हणून ये असं म्हणत नाही. माणसांना गप्प आणि ताठ बसवणं तुझ्याइतकं मला कधीच जमलं नाही.

ता. क. ३ पत्राने उत्तर पाठवत बसू नकोस, किल्ली याच पाकिटात आहे. आम्ही बारा तारखेला पहाटे निघू. शटर उचलताना आधी उजवी बाजू उचल, नाहीतर अडकतं. पहिलं गिऱ्हाईक बहुधा पत्ता विचारायला येईल. पत्ता सांग, पण आधी त्याला आत बसव.