पानवेलाची सहा कांडी

आप्पा, आपला पानमळा गेला त्या वर्षी मी अठराची होते, आणि तुम्ही पहिल्यांदाच मळ्यातलं एक काम माझ्या एकटीवर सोपवलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीच्या तळातलं पाणी घागरींनी घालून तुम्ही आणि अव्वानं तो मळा जगवला होता. त्यानंतर दोन वर्षांनी पाटाच्या कडेला उन्हानं सहा वेल वाळले. ‘आपल्याच वेलाची कांडी लाव तितं,’ तुम्ही म्हणालात. मी नुकतीच मोहोळला मामांकडे जाऊन आले होते. त्यांचं पान आपल्यापेक्षा रुंद आणि कोवळं. तिथली मुळं फुटलेली सहा कांडी मी मातीसकट ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली होती. त्यांच्या मळ्याच्या एका कोपऱ्यात वेल माना टाकत होते, ते मी पाहिलं होतं. पण मी घेतलेली कांडी हिरवीगार होती. पान आलं की तुम्हाला दाखवायचं, तुम्ही शाबास म्हणाल, एवढंच डोक्यात. न सांगता लावली.

पावसाळ्यात पाटाकडूनच सुरुवात झाली. पान हिरवं असतानाच लोंबायचं. वेल जरा ओढला की हातात यायचा. मूळ काळं, बुळबुळीत, साल बोटांना चिकटून सुटायची. तो वास जेवतानाही हाताला येई. पाणी जाईल तसा रोग ओळीओळीनं पुढे सरकत होता. तुम्ही पाणी तोडलंत, मोरचूद आणि चुना ओतलात, जेवण सोडलंत.

मग एका सकाळी पानं खुडणाऱ्या चौघींना तुम्ही बांधावर उभं केलंत. पाळीत असलेल्या बाईनं पानमळ्यात पाय ठेवायचा नाही, हा आपल्याकडचा नियम. ‘विटाळात कोण गेलतं आत? खरं सांगा.’ त्यांतली सगळ्यात तरणी, माझ्याच वयाची, जिच्या जोडीनं मी करंड्या भरायची, ती म्हणाली, ‘म्या गेलते आप्पा, दोन दिस. खाडा परवडत न्हाय की मला. पण तेनं मूळ कशानं कुजंल?’ तुम्ही आवाज चढवला नाहीत. ‘उद्यापास्नं येऊ नगं.’ तिनं ओच्यातली पानं खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलेन असं तिला वाटलं असावं. मी करंडी भरत राहिले.

चार दिवसांनी सोलापूरहून शेतीखात्याचे साहेब आले. मूळ चिरून पाहत म्हणाले, ‘हा रोग मातीतून येतो. विटाळाचा काही संबंध नाही. रोगट मळ्यातली माती नाहीतर बेणं आत आलं होतं का?’ तुम्ही माझ्याकडे वळता. मी चहाच्या कपबश्या घेऊन उभी आहे. ‘मोहोळास्नं काय आणलं हुतंस का गं?’

‘नाही,’ मी म्हणते.

‘पोर खोटं बोलत न्हाय माझी,’ तुम्ही साहेबांना सांगता.

संक्रांतीच्या आत अर्धा मळा उपटून जाळला, उरलेला पुढच्या वर्षी. तिथं ज्वारी आली. एकदा चुलीपाशी तुम्ही अव्वाला म्हणालात, ‘त्या पोरीला उगं घालवलं.’ मी भाकरी थापत होते. तेव्हाही बोलता आलं असतं. तुम्ही तिला परत बोलावलं नाहीत. बोलावून काम तरी कुठलं देणार होता?

तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. ती मात्र आहे, माढ्याला लेकाकडे असते. गेल्या वर्षी एका लग्नात भेटली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, ‘तुमचा मळा लई चांगला हुता. माझ्या पायानं गेला म्हणत्यात. म्या बी आता तसंच मानते.’ मी तिच्या लेकाकडून पत्ता लिहून घेतला. पाकीट आणलं, त्यावर तो पत्ताही घातला. आणि आज कागद पुढे घेतला तेव्हा पहिला शब्द ‘आप्पा’ असा लिहिला गेला. तुम्ही उत्तर देणार नाही, म्हणून.