मागचा ब्रेक ओरडतोय

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजही तेच! फाटकाशी ब्रेक दाबला, मागचं चाक किंचाळलं आणि आतून बाबांचा आवाज — "मागचा ब्रेक ओरडतोय. बदल."

दिवसभरातलं त्यांचं हे एकच वाक्य. आजारपणाला दीड वर्ष झालं, बाकी सगळं बोलणं गेलं. आईला हाक नाही, मला हाक नाही. पाणी हवं असेल तर पेल्याकडे बघत बसतात. पण संध्याकाळी सहाला गाडी किंचाळली की चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला हा माणूस खुर्चीत ताठ होतो आणि मला कामाला लावतो.

ही मोटरसायकलही त्यांचीच. माझ्याहून दोन वर्षांनी थोरली, आणि लाड माझ्याहून जास्त झालेली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानात आज सतरा चष्मे. एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू हरवला होता, तासभर शोधला, तो त्यांच्याच खिशात निघाला. दिवस हसण्यात गेला.

येताना मात्र शाळेसमोरच्या उतारावर एक बाई मुलीचा हात धरून रस्त्यात उतरली. मागचा ब्रेक दाबला — नुसती खरखर! पुढच्या ब्रेकवर कसंबसं निभावलं. बाईने माझ्याकडे असं पाहिलं की अजून कान गरम आहेत. चूक माझीच.

घरी आले. "मागचा ब्रेक ओरडतोय. बदल." हो, बाबा.

९ फेब्रुवारी, रविवार

इथे लिहायला काय हरकत आहे — ब्रेकचे पॅड झिजलेत हे मला दोन महिने माहीत आहे. मुद्दाम बदलले नाहीत.

आज आईला म्हटलं, बदलते. ती भाजी निवडत होती, हात थांबले. "मग काय बोलतील गं ते?" बराच वेळ देठं मोडत बसली. शेवटी म्हणाली, "बदल बाई. तू धडपडलीस तर मला दोघांचं करावं लागेल." अशी आमची आई! पदराने डोळे पुसणार आणि त्याच दमात टोमणा मारणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

स्पेअरवाला म्हणाला, "या गाडीचे पॅड? संग्रहालयात विचारा!" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला. मी बाबांच्या जुन्या वहीतला नंबर दाखवला. अक्षर बघून त्याचं हसू थांबलं. "उस्तादांची मुलगी का तुम्ही?" गुपचूप माळ्यावर चढला, धुळीने भरलेला खोका घेऊन उतरला. आत एकच जोडी!

१६ फेब्रुवारी, रविवार

बदलले!!

सकाळीच बाबांची खुर्ची अंगणात आणली. वाटलं, अवजारं दिसली की काहीतरी होईल. ते आपले भिंतीकडे बघत बसले. पॅड धरून ठेवणाऱ्या दोन पिना. एक निमूट निघाली, दुसरी गंजून हटून बसलेली. तेल सोडलं, हलक्या हाताने ठोकलं, पुन्हा तेल. पक्कड लावून ओढत होते तेव्हा आठवलं — लहानपणी बाबा मलाच पक्कड म्हणायचे. त्यांच्या विजारीचा पाय धरला की सोडायची नाही म्हणून. दुसऱ्या कुणी त्या नावाने हाक मारली तर मी फुरंगटून बसत असे.

निघाली एकदाची. जुन्या पॅडवर चाकाला घासणारा मसाला नखाएवढाही नव्हता, एका बाजूला तर नुसतं लोखंड. बिचारं किंचाळेल नाही तर काय करेल!

मग माझा शहाणपणा. नवे जाड पॅड बसावेत म्हणून पिस्टन आत ढकलला आणि वरच्या डबीकडे बघायचं विसरले. ब्रेक ऑइल उतू जाऊन बाजूच्या झाकणावर! पाणी ओतेपर्यंत बशीएवढा रंग फुगला. बाबांनी स्वतः मारलेला रंग. जीभ चावून त्यांच्याकडे पाहिलं. ते चिमण्या बघत होते.

बसवलं सगळं. पायाने आठ-दहा वेळा दाबून ब्रेक टणक करून घेतला, गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारली आणि परत येऊन फाटकाशी थांबले. चूं नाही की चां नाही. हात काळे, गुडघे दुखतायत आणि मी इतकी खूश, की काय सांगू!

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. काहीच म्हणाले नाहीत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सहाला घरी. सगळं शांत. आईने चहासुद्धा टाकला नव्हता — मी आले हे तिलाही कळलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज फाटकाशी थांबून मीच तोंडाने किंचाळले — कीऽऽच! शेजारच्या काकूंनी खिडकी उघडली. आई हसता हसता जमिनीवर बसली. किती महिन्यांनी इतकी हसली! बाबांनी मात्र, पोरगी कामातून गेली, अशा नजरेने बघितलं.

चहा गाळताना थोडी रडले. थोडीच. होतं ते एक वाक्यही मीच माझ्या हाताने काढून टाकलं.

गाडी मात्र काय थांबते! लोण्यासारखी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उतारावर तीच बाई, तीच मुलगी. चार हात आधी थांबले, म्हटलं, "जा सावकाश." मुलीने टाटा केला. बरं वाटलं. ब्रेक बदलला ते चुकलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी लावून पायरी चढत होते. बाबा म्हणाले, "पक्कड, चेन वाजतेय."

वाकून पाहिली. खरंच दोन बोटं सैल! ब्रेकच्या किंचाळण्याखाली कधीपासून वाजत होती कोण जाणे, मला ऐकूच आली नव्हती. आई दारातून म्हणाली, "लगेच आवळू नकोस गं." म्हटलं, आवळते. या गाडीत अजून पुष्कळ काही वाजतं.