एकसष्ट टक्के ‘हो’

प्रिय यास्ना,

तू पाठवलेला तो डोक्याला लावायचा, मनातलं ‘हो-नाही’ ओळखणारा पट्टा मी खोक्यात भरून कपाटावर टाकलाय. चिडून टाकलाय, हे आधीच सांगते. नाहीतर तू म्हणशील, आईला चार्जिंग जमलं नसेल.

सात आठवडे रोज सकाळी मी तो तुझ्या बाबांना बांधला. आधी स्पंजचे चौदा तुकडे मीठपाण्यात भिजवायचे, मग केस बाजूला सारून एकेक टेकवायचा. चौदावा बसेपर्यंत पहिला सुकलेला. पडद्यावरचे सगळे ठिपके हिरवे व्हायला हवेत म्हणे. एक तरी मेला लाल राहायचाच. तू म्हणालीस, फ्रिजच्या मोटरीमुळे गडबड होत असेल. फ्रिज बंद केला, तर नेव्हिलने आणून दिलेला ट्यूना नासला. तीस वर्षं बाबांच्या बोटीवर काढलेला माणूस तो, गप्प बसतोय थोडाच! दारातूनच ओरडला, “अगं झोरा, जन्मभर खारं पाणी डोक्यावर घेतलं यानं, आता निवृत्तीतही सोडत नाहीस होय?”

बाबांनी मनात उजवी मूठ वळली तर ‘हो’, डावी वळली तर ‘नाही’. ऐकायला किती सोपं! गेल्या हिवाळ्यात मेंदूचा झटका आल्यापासून त्यांना हात हलवता येत नाही, बोलता येत नाही, पापण्यासुद्धा आपोआपच मिटतात. पण आत ते पूर्ण शुद्धीत आहेत. रेडिओवर फुटबॉलची मॅच लागली की त्यांचा श्वास बदलतो, मला कळतं. अशा माणसाला मी रोज तासभर मुठी वळायला लावत होते. मी वैतागायचे, त्यांना घाम फुटायचा. शेवटी बरोबर उत्तरांचा आकडा आला एकसष्ट टक्के. तू म्हणालीस, “आई, एवढ्या स्वस्त यंत्राला हे खूप चांगलं आहे गं!” जो कप्तान शंभरातून एकसष्ट वेळाच बोट धक्क्याला लावतो, त्याला आपल्या पोर्ट लिंकनमध्ये काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे.

मग त्या रविवारी तू फोनच्या पडद्यावरून विचारलंस, “बाबा, अ‍ॅडिलेडच्या शुश्रूषाकेंद्रात जाल का?” आणि मोठ्या हिरव्या अक्षरांत ‘हो’ उमटलं, शेजारी खात्रीचा आकडा, तोच एकसष्ट टक्के. तू रडलीस. संध्याकाळपर्यंत तिथली तीन तारखेपासूनची खाट ठरवूनही टाकलीस. स्पंजचे मागचे दोन तुकडे सुटून उशीवर पडलेले मला दिसत होते, यास्ना. मी बोलले नाही. कितीतरी महिने नोकरी सांभाळून तू त्या यंत्रावर खपत होतीस.

दोन दिवसांनी नेव्हिल कलिंगड घेऊन आला. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी ते ओलं केलं आणि पट्टा त्याला बांधला. नेव्हिल म्हणाला, “विचार त्याला, यंदा फुटबॉलचा कप कोण नेणार?” मी विचारलं, “अ‍ॅडिलेडला जाणार का?” ‘हो.’ चौसष्ट टक्के! बाबांपेक्षा तीन टक्के जास्त. नेव्हिल हसून हसून खाली बसला. मी ते कलिंगड उचललं आणि मागच्या अंगणात आपटलं.

त्याच दुपारी तुला पत्र लिहायला घेतलं होतं, सगळं रद्द कर म्हणून. ते अर्धं राहिलं आणि गुरुवारी मी फाडलं.

गुरुवारी कस्टर्ड भरवताना बाबांनी चमचा दातांत धरला. मला वाटलं, जबडा आखडला. म्हटलं, “स्टीपे, सोड.” सोडला. “पुन्हा धर.” धरला. सात आठवडे मी त्यांच्या कवटीवरच नजर लावून होते, तोंडाकडे बघितलंच नाही! मग ठरवलं, चावलं तर हो, सैल सोडलं तर नाही. “माझं नाव वेस्ना?” सैल. “झोरा?” चावले. नेव्हिलचं, बोटीचं, तुझं नाव उलटसुलट विचारलं, एकही चुकलं नाही. मग मी तो प्रश्न विचारला, नाही म्हणणारच या खात्रीने. “अ‍ॅडिलेडला जायचंय?” चावले. “घरीच राहायचंय ना?” सैल. शुक्रवारी विचारलं, शनिवारी विचारलं, तेच. शेवटी म्हटलं, “तुला उचलून उचलून माझी पाठ गेलीय म्हणून?” त्यावर असे चावले की प्लास्टिकच्या चमच्यावर दातांचे वण उठले. त्यांना कुणी विचारलं होतं माझ्या पाठीचं! मी भांडले, उत्तर देता न येणाऱ्या माणसाशी तावातावाने भांडले.

तेव्हा खाट रद्द करू नकोस. पण ते उत्तर तुझ्या यंत्राने दिलं असंही समजू नकोस. आपण त्यांना कलिंगडाइतकंच विचारलं होतं. तू आधी ये, जवळ बसून स्वतः विचार, तुझा हक्क आहे तो. आणि हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहितेय, की तीन तारखेला गाडी दारात आली की मी बहुतेक आडवी येईन, नेऊ नका म्हणेन, तुझ्यावरही ओरडेन. तेव्हा माझं ऐकायचं नाही. हे मी आज शांत डोक्याने सांगतेय, आणि माझ्यासमोर ठाम उभं राहणारं तुझ्याशिवाय कुणी नाही.

तुझीच हट्टी,
आई