सतरा नंबरची पिशवी

ती. ताईस,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, आणि धक्का मला नेमका त्याचाच बसला आहे.

माझं काम तुला माहीत आहे. (तू लोकांना ‘ती पाकिटं वाचते’ असं सांगतेस. मी रागावत नाही.) विज्ञान शिकवणार असलेल्यांना विज्ञान कसं शिकवावं हे मी विद्यापीठात शिकवते, आणि रसायनशास्त्र फळ्यावर नसतं, ताटात असतं, असं त्यांना वर्षानुवर्षं सांगत आले आहे. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचता येणं हीसुद्धा साक्षरताच. या वर्षीच्या संशोधनासाठी आम्ही घरोघरी पिशव्या दिल्या. खाल्लेल्या पदार्थांची रिकामी पाकिटं आठवडाभर त्यांत टाकायची. पिशवीवर फक्त नंबर. घर कोणाचं ते मला कळता कामा नये, नाहीतर ओळखीच्यांना झुकतं माप मिळेल. हा नियम माझाच.

काल बढतीच्या समितीपुढे माझं व्याख्यान होतं. प्राध्यापकपद त्यावर ठरणार, म्हणून हे आणि मामंजी इस्त्रीचे शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसले होते. मी सतरा नंबरची पिशवी निवडली, कारण इतकं वाईट घर दुसरं नव्हतं. एकेक पाकीट टेबलावर मांडत गेले. वेफर्स, मलईची बिस्किटं, झटपट नूडल्स, पुन्हा वेफर्स. या घरात छापील अक्षर वाचणारं कोणी नाही, असं मी म्हणाले. असलंच तर त्याला घरात कोणी विचारत नाही, असंही म्हणाले (हे टिपणात नव्हतं, सभागृह हसलं म्हणून ओघात आलं). सगळ्यांत मोठ्यानं मामंजी हसले.

अध्यक्षांनी विचारलं, या कुटुंबाशी बोलता येईल का? मी म्हणाले, अशक्य, घर गुप्त आहे. तेव्हा हे उभे राहिले.

“गुप्त कसलं, आमचंच आहे ते.”

ताई, माझ्या हातात बिस्किटांचं रिकामं पाकीट होतं. ते खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

मागाहून कळलं ते असं. एका घरानं ऐनवेळी अंग काढून घेतलं, म्हणून माझ्या सहकारी बाईंनी यांना गाठलं आणि यांनी पिशवी भरून दिली. मला का नाही सांगितलं, तर म्हणे, “तुझाच नियम. सांगितलं असतं तर निकाल बिघडला असता.” मामंजी म्हणाले, “सूनबाई, आम्ही अगदी प्रामाणिकपणे खाल्लं हो.” रोज सकाळी या दोघांपुढे मी उकडलेल्या भाज्या ठेवून कामाला जाते. त्या कुठे जातात, हे विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

अध्यक्ष हसले नाहीत. निर्णय राखून ठेवला. रविवारी समिती घरी येऊन पाहणार आणि मग काय ते ठरवणार.

गुडघ्याला जप.

तुझी धाकटी

ता.क. खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहिलं : रविवारी हे आणि मामंजी यांना दिवसभर तुझ्याकडे ठेवून घे. कारण काहीही सांग.

आणखी ता.क. मामंजी तयार आहेत. तुझ्याकडे खायला काय असतं, तेवढं विचारायला सांगितलंय.

लिफाफा पुन्हा उघडला. अध्यक्षांचा फोन आला होता. घरात हे सगळं खाणं जिथे ठेवतात, ती कपाटं समितीला उघडून पाहायची आहेत. दोघांना बोलावू नकोस. ती कपाटं कोणती, हे मला माहीत नाही.