टिटवीचा कोपरा

बाबा, यंदा टिटवी परत आली होती. घरात हे ज्याला सांगावं असं आता कोणी नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. मिलमधली पहिली पाळी संपवून तुम्ही घरी येता, उभ्याउभ्याच चहा घेता आणि गळ्यात शिट्टी अडकवून समोरच्या मैदानात जाता. पोरांना क्रिकेट शिकवा असं तुम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्या मे महिन्यात, ऐन सामन्यांच्या दिवसांत, टिटवीने टाकीकडच्या कोपऱ्यात उघड्या जमिनीवर अंडी घातली. तुम्ही चार काठ्या रोवून भोवती काथ्याची दोरी बांधलीत आणि नियम केलात, चेंडू दोरीच्या आत गेला की दोन धावा, आणि तो आणायला फक्त तुम्ही जाणार. दुसऱ्या चाळींचे संघ फिदीफिदी हसले, पण नियम पाळला सगळ्यांनी. टिटवी ओरडते ते घराला वाईट, हाकला तिला, असं आईसकट सगळ्या बायका म्हणत होत्या. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत. मी मात्र अंडी बघायला दोरीखालून आत शिरले, आणि ती किंचाळत माझ्या डोक्यावर आली. तुम्ही दंड धरून मला बाहेर ओढलंत आणि सगळ्यांदेखत झापलंत.

"तिका उठवू नको गो. ता तिचा घर आसा."

मी रडले. मग तुम्ही मला भिंतीच्या सावलीत बसवून दाखवलंत, की तुम्ही ठेवलेल्या परातीत टिटवी येते, पोट पाण्यात बुडवते आणि ओली पिसं घेऊन परत अंड्यांवर बसते. पक्षी अंडी उबवतात एवढंच मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात ती गार ठेवावी लागतात, हे त्या दिवशी कळलं.

पावसाळ्यात तुम्ही मैदान बंद ठेवायचात. बाळंतिणीला कोणी कामाला जुंपतं का, असं विचारायचात. चार महिने कोणाचा पाय पडायचा नाही, गवत धरायचं, आणि पुढे खेळाआधी पोरांकडून डब्यांनी पाणी मारून घ्यायचात. तरीही तेव्हा सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. हिवाळा सरला की लाल धूळ घरात यायचीच. आई कणकेवर फडकं टाकायची, दिवसातून तीनदा केर काढायची आणि खोकायची. लाल माती औषधी असते, असं तुम्ही म्हणायचात, तेव्हा ती नुसती तुमच्याकडे बघायची. त्या बघण्याचा राग मला अजून आहे, तुमच्यावर.

आता चाळीच्या जागी इमारत आहे आणि आमची खिडकी सहाव्या मजल्यावरून त्याच मैदानाकडे उघडते. मधली काही वर्षं मात्र धुळीमुळे ती लावूनच ठेवायचो. पहाटे चालणारे, मग ट्रकचे टायर ओढणारे व्यायामवाले, मग क्रिकेटचे तीन-तीन वर्ग, संध्याकाळी फुटबॉल, सणांत मांडवाचे खड्डे. कोणीच वाईट नाही हो, सगळ्यांना मोकळी हवा हवी असते, आणि या भागात दुसरी जागा आहे कुठे? पण जमिनीला एक दिवस सुट्टी मिळेना. गवत गेलं, वर ट्रकने माती ओतली, आणि ती आमच्या घरात आली. तुमच्या पणतीला, माझ्या नातीला, दम्याने धरलं. रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि ती माझ्या पदराची गाठ घट्ट धरून बसायची.

मैदानाच्या समितीवर मी आहे, तुमची मुलगी म्हणूनच घेतलंय मला. सगळीकडे प्लॅस्टिकचं गवत अंथरायचं, असा विषय निघाला. मी म्हटलं, पावसाळ्यात बंद ठेवून बघूया. ताई, चार महिने पोरं मोबाइलवर बसतील, असं उत्तर आलं, आणि तेही खोटं नव्हतं. घरी येऊन सुनेला सांगितलं. ती पोरीच्या वाफेच्या मशीनचा मास्क धूत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, मैदानाचं तुम्ही बघा. मला हिचा श्वास हवाय."

पुढच्या बैठकीत मी प्लॅस्टिकच्या गवतासाठी हात वर केला.

धूळ खरंच थांबली. दम्याचा पंप कपाटात गेला, पोर जिना चढून येते आणि वर गाणं म्हणते. आणि चैत्रात टिटवी आली, त्याच टाकीकडच्या कोपऱ्यात. भोवती रचायला खडे नव्हते, तर त्या गवतात पेरलेले रबराचे काळे दाणे तिने गोळा केले आणि मधोमध अंडी घातली. मैदान तासावर भाड्याने देणारा मुलगा चांगला आहे, त्याने न सांगता खुर्च्यांचं कुंपण केलं. मी आईची जुनी परात नेऊन ठेवली. टिटवी यायची, पोट भिजवायची, जायची. पण बाबा, ते गवत दुपारी इतकं तापतं की पोरं बूट काढत नाहीत. मी खिडकीतून बघत राहायचे. नर-मादी पाळीपाळीने नुसती पाणी वाहत होती.

दिवस भरून गेले तरी ती बसूनच होती. मग एका सकाळी कोपरा रिकामा दिसला. मी खाली जाऊन अंडी उचलली. पुरावी म्हणून जागा शोधली, तर अख्ख्या मैदानात मूठभर माती सापडेना. शेवटी वर आणून तुळशीच्या कुंडीत पुरली. सून बघत होती. तिने कुंडी सरकवून जागा करून दिली.

तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत आहे, आणि ऐकायची तयारी नाही. उद्या पुन्हा विचारलं तर माझा हात पुन्हा वरच जाईल.

ती जोडी अजून पहाटे मैदानावरून ओरडत जाते. आता धूळ नाही, सून मुद्दाम खिडकी उघडी ठेवते, आणि तो आवाज आला की मी उठून ती लावून घेते. काल तिने कारण विचारलं. जुनी सवय, म्हटलं मी, धुळीची.